चीन: बातमी पुष्कळ, विद्या थोडी

अमेरिकेतील काही विद्यापीठांत एक चांगली प्रथा आहे. एक शैक्षणिक वर्ष एका देशाला किंवा एका प्रश्नाला द्यायचे आणि इतिहास, अर्थशास्त्र, वैद्यक, स्थापत्य, संगीत अशा सर्व विभागांनी त्या वर्षात आपापल्या बाजूने त्याकडे पाहायचे. ब्राउन विद्यापीठाने २००९-१० हे वर्ष भारताला दिले होते, २०११-१२ हे चीनला. जागतिक व्यवहारांतील चीनचा वाढता प्रभाव हा विषय घेऊन आपल्याकडील एखाद्या विद्यापीठाने असे वर्ष करावे, अशी नुसती सूचना कोणी मांडली तरी लगेच दोन तट पडतात. पहिला तट विचारतो, गलवानच्या खोऱ्यात आपल्या २० जवानांचे प्राण घेणाऱ्या देशाचे गोडवे वर्षभर गायचे काय? दुसरा तट दोन प्राचीन संस्कृतींची मैत्री, बौद्ध धम्माचा धागा आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण पुढे करून म्हणतो की असे वर्ष व्हायलाच हवे. दोन्हीकडचा आवेश खरा आहे, पण दोन्ही तट एकाच गैरसमजावर उभे आहेत. एखाद्या देशाचा अभ्यास करणे म्हणजे त्या देशाचा सन्मान करणे, असे दोघांनीही धरून चालले आहे. एकाला तो सन्मान नाकारायचा आहे आणि दुसऱ्याला तो द्यायचा आहे. माझे मत असे की असे वर्ष व्हावे आणि लवकर व्हावे. मात्र ते आपल्या पैशाने व्हावे, आणि त्याचा पाया चिनी भाषेचा असावा. भाषेवाचून केलेले वर्ष न केलेले बरे.

हे भाषेचे एवढे का, याचे उत्तर मराठी वाचकाला स्वतःच्या इतिहासात सापडेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबाराला बातम्यांची वाण नव्हती. नाना फडणविसांच्या बातमीदारांचे जाळे प्रसिद्धच होते. कलकत्त्याला लाला सेवकराम हा त्यांचा वकील बसून इंग्रजांच्या हालचाली कळवीत असे. राघोबादादांचा माणूस हणमंतराव तर १७८१ मध्ये थेट लंडनला जाऊन आला. परंतु इंग्रजांची पार्लमेंट कशी चालते, कंपनीचे भागधारक कोण, युद्धासाठी ती कर्ज कसे उभारते, एक पलटण हरली तरी दुसरी कोठून येते, यांवर मराठीत एखादा ग्रंथ त्या काळी सिद्ध झाल्याचे दिसत नाही. उलट बाजूला १७८६ पासून पुण्यात रेसिडेंट म्हणून राहिलेला चार्ल्स मॅलेट दरबारातील राजकारण जितक्या बारकाईने टिपत होता, तितक्याच आस्थेने वेरूळची लेणी गंगाराम तांबटांकडून चितारून घेत होता. राज्य जिंकल्यावरही ही वृत्ती थांबली नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, आणि आजही एखादा जुना मराठी शब्द अडला की आपण तोच उघडतो. मॅलेट किंवा मोल्सवर्थ यांनी मराठ्यांचा सन्मान केला असे कोणी म्हणेल काय? त्यांनी मराठ्यांचा अभ्यास केला. आपल्याकडे बातमी होती, त्यांच्याकडे बातमी आणि विद्या दोन्ही होत्या. बातमी काल काय घडले ते सांगते. समोरच्याच्या मनात कोणती गोष्ट घडण्याजोगी आहे आणि कोणती नाही, हे कळायला विद्या लागते.

चीनच्या बाबतीत आपण पुन्हा त्याच ठिकाणी उभे आहोत. अक्साई चीनमधून शिन्च्यांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता चीनने पन्नासच्या दशकात बांधला. दिल्लीला त्याची खात्री पटली ती १९५७ च्या सप्टेंबरात, रस्ता पूर्ण झाल्याचे चिनी वृत्तपत्रांत छापून आले तेव्हा. आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी गस्ती पथके निघाली ती १९५८ च्या उन्हाळ्यात. या घटनेचा उल्लेख आपल्याकडे नेहमी हेरखात्याचे अपयश म्हणून होतो. मला तिच्यातला दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो. ही बातमी कोणत्याही गुप्त कपाटात नव्हती, ती उघड छापलेली होती. उघड छापलेले वाचणारी माणसे देशात किती होती, आणि ती वाचून त्यांनी सांगितलेले ऐकणारे किती होते?

आज ती संख्या फार वाढली आहे असे मानायला आधार नाही, आणि वाढू नये अशी इच्छा मात्र अधूनमधून दिसते. नव्या शैक्षणिक धोरणाचा २०१९ चा मसुदा पाहिला तर माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचे नाव आहे. गलवाननंतर सहा आठवड्यांनी, २०२० च्या जुलैअखेरीस मंजूर झालेल्या धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत; चिनी नाही. ती यादी उदाहरणादाखल होती, चिनी शिकण्यावर तिने बंदी घातलेली नाही, हे मान्य करायला हवे. तरीही प्रश्न उरतो. ज्या सीमेवर आपले हजारो सैनिक हिवाळा काढत होते, त्या सीमेपलीकडची भाषा शाळेच्या यादीतून गाळून आपण नेमका कोणाला धडा शिकवला? युद्धाच्या काळात शत्रूचे बोलणे न ऐकण्याला कोणी शौर्य म्हणत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ, कारण तो राष्ट्रप्रेमाच्या घोषणेइतका सहज बाजूला सारता येणारा नाही. विद्यापीठात चीनचा अभ्यास सुरू झाला की चीनचा पैसा आणि त्यामागोमाग चीनची सेन्सॉरशिप आत येते, असे हा मुद्दा म्हणतो, आणि त्याच्या पाठीशी भक्कम उदाहरणे आहेत. पहिली कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट २००४ मध्ये सोलमध्ये उघडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या विद्यापीठांत अशी शेकडो केंद्रे उभी राहिली. शिक्षक, पुस्तके आणि निधी चीनमधून येत. २०१४ च्या जुलैत पोर्तुगालमधील ब्रागा येथे चीनविषयक युरोपीय अभ्यासकांचे अधिवेशन होते. या केंद्रांचा कारभार पाहणाऱ्या चिनी संस्थेच्या प्रमुख शू लिन यांच्या आदेशावरून कार्यक्रमपत्रिकेतील तैवानी प्रतिष्ठानाचा उल्लेख असलेली पाने फाडून काढली गेली. युरोपच्या भूमीवर, युरोपीय अभ्यासकांच्या स्वतःच्या अधिवेशनात. २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने चिनी यंत्रणेच्या सांगण्यावरून आपल्या एका नामवंत नियतकालिकातील सुमारे ३०० लेख चीनमधील वाचकांसाठी बंद केले. अभ्यासकांनी गदारोळ केल्यावर काही दिवसांत ते पुन्हा खुले झाले. व्हिसा नाकारला जाईल या भीतीने तिबेट, शिन्च्यांग, तिआनमेन हे शब्द टाळणारे संशोधक कोठे आणि किती, याची मोजदाद तर करताच येत नाही, कारण न लिहिलेल्या लेखाची नोंद कोणत्याच सूचीत नसते. हे सारे खरे आहे. जो कोणी असे वर्ष करायला निघेल त्याने या गोष्टी आधी नीट समजून घ्याव्यात, आणि मैत्रीच्या भाषणांत त्या झाकून ठेवू नयेत.

परंतु या उदाहरणांवरून निष्कर्ष कोणता निघतो? विद्यापीठांनी चिनी शिक्षक आणि चिनी निधी का घेतला, हा प्रश्न विचारला की उत्तर सरळ आहे: त्यांना चिनी शिकवायची होती, आणि त्यासाठी स्वतः पैसा खर्च करण्याची त्यांची किंवा त्यांच्या सरकारांची तयारी नव्हती. स्वस्तात मिळालेला शिक्षक आपल्याबरोबर आपला मालक घेऊन आला. अमेरिकेत शंभराच्या आसपास असलेली ही केंद्रे संरक्षण खात्याच्या निधीवरील अटींमुळे आणि राजकीय दबावामुळे भराभर बंद झाली. २०२३ पर्यंत पाचांहूनही कमी उरली. ती बंद होणे योग्यच होते असे मला वाटते. पण त्यांच्या जागी स्वतःचे वर्ग त्याच वेगाने उभे राहिले नाहीत. अमेरिकी महाविद्यालयांत चिनी शिकणाऱ्यांची संख्या २०१३ मध्ये ६१ हजारांच्या घरात होती, ती २०२१ मध्ये ४६ हजारांच्या घरात आली. घट होण्याची कारणे अनेक असतील. चीनचे आव्हान सर्वांत मोठे आहे असे ज्या वर्षांत वॉशिंग्टन उच्चरवाने सांगत होते, त्याच वर्षांत ती झाली, एवढे मात्र निश्चित. आपल्याकडेही मुंबई विद्यापीठासह काही संस्थांचे अशा केंद्रांशी करार होते आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यांचा फेरआढावा घ्यायचे ठरवले. फेरआढावा जरूर घ्यावा. पण विहिरीत विष पडण्याची भीती असेल तर दुसरी विहीर खणावी लागते, तहान तर बंद होत नाही.

संशयाने अभ्यास थांबवला की काय होते याचा एक धडा अमेरिकेनेच गिरवला आहे, आणि त्याची किंमत इतरांनीही मोजली. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर ‘चीन कोणी घालवला’ असा प्रश्न अमेरिकेत उठला. ज्यांनी च्यांग काय-शेकची राजवट आतून पोखरलेली आहे असे वेळीच कळवले होते, त्या जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस, जॉन कार्टर व्हिन्सेंट यांसारख्या चीन जाणणाऱ्या अधिकाऱ्यांनाच, जिकडेतिकडे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात, संशयित ठरवून सेवेबाहेर काढले गेले. विद्यापीठात ओवेन लॅटिमोर यांच्यावर तोच प्रसंग आला. पुढे व्हिएतनाम युद्धाचे सुकाणू हाती असलेले संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९९५ मधील आपल्या आठवणींत लिहिले की निर्णय घेताना आमच्याजवळ या प्रदेशाची जाण असलेली माणसे नव्हती, कारण ती आम्ही आधीच घालवून बसलो होतो. चीन आणि व्हिएतनाम यांच्यात शतकानुशतकांचे वैर आहे, हे सांगायला एखादा बऱ्यापैकी वाचलेला अभ्यासक पुरेसा होता. आपल्याकडे १९६२ नंतर सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले, त्यात कित्येक पिढ्या कलकत्त्यात आणि आसामात काढलेली कुटुंबे होती. त्या छावणीने देश किती सुरक्षित झाला हा प्रश्न बाजूला ठेवू. घरात चिनी बोलणारे भारतीय नागरिक ही एखाद्या देशाची केवढी ठेव असू शकते, याचा विचार तेव्हा झाला नाही आणि नंतरही झाल्याचे दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. चीन आता माहितीची दारे लावत चालला आहे, मग तिथली भाषा शिकून वाचायचे काय? हा आक्षेपही पोकळ नाही. पुराभिलेखागारे आक्रसली आहेत. चिनी प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिके जिथे मिळत त्या ऑनलाइन माहितीसंग्रहाने २०२३ च्या एप्रिलपासून परदेशी वाचकांसाठी बरेच विभाग बंद केले. आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या व्हिसाच्या भांडणात बहुतेक भारतीय वार्ताहरांना चीन सोडावा लागला. मात्र माओच्या काळातला चीन यापेक्षा कितीतरी अधिक बंद होता. त्या काळी लास्लो लादानी नावाचा हंगेरियन जेझुइट धर्मगुरू हाँगकाँगमध्ये बसून चिनी वृत्तपत्रे वाची आणि चिनी आकाशवाणी ऐके, आणि १९५३ पासून तेवढ्याच सामग्रीवर एक साप्ताहिक वृत्तपत्रिका चालवी. जगभरची परराष्ट्र खाती ती वाचत. सरकारी मजकुरात कोणता शब्द अचानक नाहीसा झाला, कोणाचे नाव तिसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर गेले, कोणत्या प्रांतातील पिकाचे आकडे या वर्षी छापलेच नाहीत, हे त्याला दिसे, कारण तो रोज, वर्षानुवर्षे, मुळातून वाचत होता. दारे लागलेल्या घराबाहेर उभे राहून आतले ओळखायचे तर त्या घराची भाषा जास्तच चांगली यावी लागते. उघड्या घरात भाषांतरावर काम निभावून जाते.

विषयाच्या नावाबद्दलही मला बोलायचे आहे, कारण ‘वाढता प्रभाव’ या शब्दांतच अर्धे उत्तर आधी लिहून ठेवलेले असते. प्रभाव हा दोन टोकांचा व्यवहार आहे आणि आपण एकच टोक पाहतो. हंबनटोटा बंदराचे उदाहरण आता इतके घासून गुळगुळीत झाले आहे की त्याचा उच्चार होताच श्रोते मान डोलावतात: चीनने श्रीलंकेला कर्जात बुडवले आणि २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांसाठी हिसकावले. तपशील पाहू लागलो की ही गोष्ट निसटू लागते. हंबनटोटाला बंदर असावे ही इच्छा श्रीलंकेतली, चीनच्या कर्जाच्या कितीतरी आधीची. त्याची एक व्यवहार्यता-पाहणी कॅनडाच्या मदतीने एका कॅनेडियन कंपनीने केली होती आणि नंतरची एका डॅनिश कंपनीने. बंदर राजपक्षे यांच्या जिल्ह्यात आहे, ही बाब कोलंबोतील राजकारणाची आहे, बीजिंगमधील नव्हे. २०१७ च्या करारातून आलेले १.१२ अब्ज डॉलर बंदराचे कर्ज फेडण्यासाठी न वापरता परकीय गंगाजळीसाठी वापरले गेले, कारण गळ्याशी आलेली देणी मुख्यतः आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांची होती. याचा अर्थ चीनचा हेतू निर्मळ होता असा मी लावत नाही. भारताच्या दक्षिणेला, जहाजांच्या मुख्य मार्गालगत एक चिनी सरकारी कंपनी ९९ वर्षे बसली आहे, ही वस्तुस्थिती आपल्याला चिंता वाटावी अशीच आहे. पण सापळा लावला गेला असे मानले तर उपाय एक निघतो, आणि एका लहान देशाच्या सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या हिशेबाने दार उघडले असे कळले तर दुसरा. चुकीच्या निदानावर आपले शेजारधोरण उभे राहत असेल तर नुकसान कोणाचे?

‘वाढता’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. टांझानियाच्या दार-एस-सलामपासून झांबियापर्यंतची १,८६० किलोमीटरची रेल्वे चीनने १९७० ते १९७५ या काळात बांधून दिली, तेव्हा चीन स्वतः दरिद्री होता. पाश्चात्त्य देश आणि जागतिक बँक यांनी तो प्रकल्प परवडणारा नाही म्हणून नाकारला होता. १९७१ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघातील जागा बीजिंगला मिळाली ती ७६ विरुद्ध ३५ मतांनी, आणि त्यात नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांचा वाटा मोठा होता. म्हणजे २०१३ मध्ये जाहीर झालेल्या बेल्ट अँड रोड या परदेशांत रस्ते, रेल्वे, बंदरे बांधण्याच्या चिनी योजनेच्या मागे अर्धशतकाची मशागत आहे. ती मशागत न पाहता केवळ गेल्या दहा वर्षांतील कर्जांचे तक्ते मांडणारे वर्ष हे वृत्तपत्रातील कात्रणांचे प्रदर्शन ठरेल.

मैत्रीच्या तटाशी माझे भांडण थोडे निराळे आहे, कारण त्यांनी पुढे केलेली माणसे मलाही प्रिय आहेत. पण त्या माणसांनी काय केले ते आपण नीट आठवत नाही. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. शिष्टमंडळांच्या भाषणांत त्यांच्या त्यागाचा उल्लेख असतो, परंतु त्यांनी चिनी शिकून घेतली, त्या भाषेत रुग्णांशी बोलले आणि विद्यार्थ्यांना शिकवले, हे क्वचित सांगितले जाते. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्यातील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत असे लिहून ठेवणारा ह्युएन त्संग आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, पण तो आधी नालंदेत बसून संस्कृत शिकला होता, हे त्या वर्णनाइतकेच महत्त्वाचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांनी विमुत्तिमग्ग या बौद्ध ग्रंथाच्या चिनी भाषांतराची विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाशी तुलना करणारा ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केला. भारतीय परंपरेतील एक हरवलेला ग्रंथ चिनी लिपीत जिवंत होता आणि तो वाचायला पुण्यात एक माणूस होता. त्याच वर्षी शांतिनिकेतनात चीनभवन उघडले. वसंत परांजपे पेकिंग विद्यापीठात चिनी शिकले आणि पुढे नेहरूंचे दुभाषी झाले. अलीकडच्या काळात बीजिंगमध्ये लागोपाठ राजदूत राहिलेले विजय गोखले आणि गौतम बंबावाले दोघेही चिनी जाणणारे मराठी अधिकारी. पण ती विद्या त्यांना परराष्ट्र सेवेने दिली, आपल्या विद्यापीठांनी नाही. समोरच्या बाजूला ची श्यान्लिन यांच्याकडे पाहावे. पेकिंग विद्यापीठात १९४६ पासून पौर्वात्य भाषांचा विभाग उभा करणाऱ्या या संस्कृत पंडिताने सांस्कृतिक क्रांतीत छळ सोसला, रखवालदारीचे काम करता करता वाल्मीकि रामायणाचे चिनी भाषांतर हाती घेतले आणि ते तडीस नेले. ते काम सुरू झाले तेव्हा भारत आणि चीन यांनी एकमेकांकडे राजदूतही ठेवले नव्हते. भारताने २००८ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. आपल्याकडे त्या तोलाचे चिनी अभिजात ग्रंथांचे मराठी भाषांतरकार किती आहेत?

हा सारा विचार कोणाला पुस्तकी वाटत असेल तर त्याने चाकण आणि तळेगावच्या पट्ट्यात एक चक्कर मारावी. २०२० च्या जूनमध्ये तळेगावच्या मोटार कारखान्यासह चिनी कंपन्यांशी झालेले सुमारे ५,००० कोटी रुपयांचे तीन करार राज्य सरकारने सह्यांची शाई वाळते न वाळते तोच स्थगित केले. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि विजेवरच्या दुचाकी बनवणारे कारखाने काही आठवड्यांत हवालदिल झाले. त्याआधीच्या आर्थिक वर्षात चीनकडून आपली आयात ११३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती आणि व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरच्या आसपास होती. एवढा माल ज्या देशातून येतो, त्या देशातील कोणत्या मंत्रालयाची कोणती अधिसूचना आपल्या यंत्राची चाके थांबवील, हे आधी वाचू शकणारा माणूस कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतो, आणि असावा असे ठरवले तरी तो तयार करणारे वर्ग थोडे.

म्हणून असे वर्ष ठरवणाऱ्या विद्यापीठाने उद्घाटनाच्या पाहुण्यांची यादी करण्याआधी दोन अध्यापकपदे मंजूर करून घ्यावीत: एक आधुनिक चिनीसाठी आणि एक अभिजात चिनीसाठी. पैसा विद्यापीठाचा, राज्याचा किंवा इथल्या उद्योगांचा असावा. कोणत्याही दूतावासाचा नसावा, बीजिंगचा नाही, तैपेईचा नाही आणि वॉशिंग्टनचाही नाही. व्याख्यानांना तिबेटी निर्वासित विद्वान यावेत, तैवानी यावेत, चीनमधले प्राध्यापकही यावेत, आणि ज्याला इतरांच्या उपस्थितीची अट घालायची असेल त्याचे निमंत्रण मागे घ्यावे. श्रीलंका, नेपाळ, झांबिया इथले अभ्यासक चीनबद्दल बोलायला बोलवावेत, कारण प्रभावाचे दुसरे टोक त्यांच्या हातात आहे. परिसंवाद, प्रदर्शने, खाद्यमहोत्सव हे वर्षाबरोबर संपतील; त्याला हरकत नाही. चिनीच्या पहिल्या वर्गात पहिल्या दिवशी बहुधा तीस-चाळीस विद्यार्थी येतील. अक्षरे हजारांनी पाठ करावी लागतात हे कळल्यावर दिवाळीपर्यंत निम्मे गळतील, आणि तिसऱ्या वर्षी कदाचित चार उरतील. वर्ग त्या चौघांसाठी चालू ठेवण्याची तरतूद पहिल्याच अर्थसंकल्पात असावी.